आठवणीवाचूनची ओळख

पुनर्जन्म मानणाऱ्या प्रत्येक परंपरेला एका अडचणीच्या प्रश्नाला सामोरे जावे लागते: मृत्यूबरोबर स्मृती पुसली जात असेल, तर पुढच्या जन्मी भेटणारी व्यक्ती ‘तीच’ आहे असे कशाच्या आधारावर म्हणायचे, आणि तिच्यावर पुन्हा जडणारे प्रेम जुने मानायचे की नवे? शास्त्रग्रंथांत शतकानुशतके चर्चिला गेलेला हा प्रश्न आज एका अनपेक्षित वाटेने सामान्य घरांत आला आहे. चिनी अद्‌भुतरम्य प्रेममालिका उपशीर्षकांच्या किंवा डबिंगच्या आधाराने मोबाइलवर पाहिल्या जातात, आणि नांदेड जिल्ह्यातील मुखेडसारख्या तालुक्याच्या गावी बसलेल्या प्रेक्षकाला, चिनी भाषेचे एक अक्षर कळत नसतानाही, त्यांतील देवलोक, शाप, अवतार आणि जन्मोजन्मीचे वियोग परके वाटू नयेत, यामागे निव्वळ करमणुकीपलीकडचे कारण शोधता येते.

या मालिका ज्या प्रकारात मोडतात त्याला चिनी भाषेत ‘शियानशिया’ म्हणतात. ‘शियान’ म्हणजे साधनेने अमरत्व मिळवलेला सिद्ध आणि ‘शिया’ म्हणजे न्यायासाठी शस्त्र उचलणारा वीर. ताओ मताची योगसाधना, बौद्धांची कर्मकल्पना आणि चिनी लोककथांतील कोल्हे, नाग व फुलांचे आत्मे यांच्या मिश्रणातून हे विश्व उभे राहते. त्यातील साधक हजारो वर्षे तप करतो, परंतु वरच्या पायरीवर जाण्यासाठी त्याला ‘च्ये’ नावाची कसोटी पार करावी लागते. ती बहुधा मर्त्यलोकात जन्म घेऊन, आपण कोण हे विसरून, प्रेम आणि वियोग भोगण्याची असते. अमरांना जे मिळत नाही ते मिळवण्यासाठी त्यांना मरणाऱ्यांच्या जगात उतरावे लागते, ही या प्रकाराची मूळ कल्पना आहे.

त्याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे थांग छी या लेखिकेच्या कादंबरीवर आधारलेली आणि 2017 साली चीनमध्ये प्रसारित झालेली 58 भागांची मालिका. तिच्या चिनी नावाचा अर्थ ‘तीन जन्म, तीन जगे, दहा कोस पीचचा बहर’ असा काहीसा होतो, आणि चीनबाहेर ती ‘इटर्नल लव’ या नावाने ओळखली जाते. यांग मी या अभिनेत्रीने साकारलेली बाई छियेन ही नऊ शेपट्यांच्या कोल्हेकुळातील देवी आहे. शत्रूने तिची शक्ती आणि स्मृती बंदिस्त केल्यामुळे ती एका डोंगरावर सामान्य स्त्री म्हणून राहते, आणि मार्क चाओने रंगवलेला देवलोकाचा युवराज ये ह्वा तिच्या प्रेमात पडून तिच्याशी विवाह करतो. देवलोकाच्या महालात तिची विटंबना होते, तिचे डोळे काढून घेतले जातात, आणि मूल झाल्यावर ती एका उंच कड्यावरून स्वतःला झोकून देते. त्या पतनाने बंधन तुटून ती पुन्हा देवी होते, पण झालेले दुःख असह्य असल्यामुळे औषध घेऊन ते सारे स्वेच्छेने विसरते. 300 वर्षांनी ये ह्वा पुन्हा समोर येतो, तेव्हा तिच्या दृष्टीने तो अनोळखी असतो, आणि तरीही ती त्याच्यावर प्रेम करू लागते.

भारतीय प्रेक्षकाला हे ओळखीचे वाटते, कारण त्यातील बरीचशी सामग्री मुळात भारतातूनच गेलेली आहे. ‘च्ये’ हा शब्द ‘कल्प’ या संस्कृत शब्दाच्या चिनी लिप्यंतराचा संक्षेप आहे. कल्पाच्या शेवटी सृष्टीचा संहार होतो या समजुतीमुळे कालमापनाचा हा शब्द चिनी भाषेत हळूहळू ‘अरिष्ट’ या अर्थाने रूढ झाला. दैत्यांसाठी वापरला जाणारा ‘मो’ हा शब्द बुद्धाला तपापासून ढळवू पाहणाऱ्या ‘मारा’च्या नावावरून आला. मालिकेच्या नावातील ‘तीन जन्म’ हांगचौ येथील एका शिळेची आठवण देतात. तिच्याशी निगडित कथेत एक भिक्षू आपला पुढचा जन्म कोणाच्या पोटी होणार हे मित्राला सांगून देह ठेवतो, आणि ठरल्याप्रमाणे तेरा वर्षांनी त्या मित्राला गात येणाऱ्या गुराख्याच्या रूपात भेटतो. ही कथा अकराव्या शतकातील कवी सू शी याने लिहून ठेवली आहे. ती शिळा ज्या परिसरात आहे त्याचे ‘थिएनचू’ हे नाव म्हणजे भारताचेच जुने चिनी नाव होय. सातव्या शतकात युआन श्वांग दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्रात येऊन ग्रंथ आणि कल्पना घेऊन गेला. त्या वाटेने गेलेल्या कल्पना वेष पालटून परत आल्या असताना त्या आपल्याच आहेत हे प्रेक्षकाला ठाऊक नसते, मात्र त्या परक्या नाहीत हे त्याला जाणवते.

मुखेडच्या परिसरात जन्मांतरीच्या नात्याचा विचार दोन शब्दांत जिवंत आहे. पहिला म्हणजे ज्येष्ठ पौर्णिमेला वडाला सूत गुंडाळताना मागितले जाणारे ‘सात जन्म’. त्यामागे नाते पुढच्या जन्मांतही टिकावे अशी इच्छा आहे. दुसरा शब्द ‘ऋणानुबंध’ अधिक सूक्ष्म आहे. कोणाशी कारण नसताना जीव जडला, किंवा कोणी अकारण वैर धरले, तर ते मागच्या जन्माचे देणेघेणे आहे असे म्हटले जाते. हा शब्द सावकाराच्या वहीतला आहे: कर्ज फिटले की नाते सुटते. चिनी भाषेत याच अनुभवाला ‘युआनफन’ म्हणतात, आणि त्यातील ‘युआन’ हा बौद्ध ग्रंथांच्या अनुवादात ‘प्रत्यय’ म्हणजे साहाय्यक कारण या संज्ञेसाठी वापरलेला शब्द आहे. एकात देणे आहे, दुसऱ्यात कारणांची जुळणी आहे, पण दोन्हींत एक समान गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती अशी की बंध आधीपासून असतो आणि त्याचे कारण माणसाला आठवत नाही.

याला सर्वांत गंभीर आक्षेप बौद्ध विचारातूनच येतो. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला विचारतो की पुन्हा जन्मणारा तोच असतो की दुसरा, आणि नागसेन रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दाखला देतो: पहिल्या प्रहरातील ज्योत आणि शेवटच्या प्रहरातील ज्योत एकच नव्हे, पण त्या वेगळ्याही नव्हेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात हा प्रश्न आणखी धारदार केला. पुनर्जन्म कशाचा आणि कोणाचा असे दोन वेगळे प्रश्न करून त्यांनी आत्म्याचा पुनर्जन्म नाकारला, आणि पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत आजच्या अन्यायाचे समर्थन करण्यासाठी कसा वापरला जातो हेही दाखवले. मराठवाड्यात 1956 नंतर बौद्ध झालेल्या घरातील प्रेक्षक ही मालिका पाहतो, तेव्हा त्याच्या दृष्टीने बाई छियेन आणि पूर्वीची ती डोंगरावरील स्त्री यांना जोडणारा आत्मा नसतो, फक्त एक अखंड कार्यकारणमालिका असते, आणि तरीही कथा त्याला स्पर्श करते. म्हणजे कथेचे बळ आत्म्याच्या नित्यत्वावर अवलंबून नाही.

ते बळ कशात आहे हे समजण्यासाठी स्मृती आणि प्रत्यभिज्ञा या दोन संज्ञांतील भेद उपयोगी पडतो. स्मृती म्हणजे पूर्वी अनुभवलेले मनात पुन्हा उभे राहणे, म्हणजेच आठवण. प्रत्यभिज्ञा म्हणजे समोर असलेल्याविषयी ‘हे तेच’ असे ज्ञान होणे, म्हणजेच ओळख. सामान्यतः ओळख ही आठवणीवर उभी असते. कालिदासाच्या शाकुंतलात दुर्वासाच्या शापाने दुष्यंताची आठवण जाते, त्यामुळे ओळखही जाते, आणि अंगठी सापडल्यावर दोन्ही परततात. मात्र त्याच नाटकाच्या पाचव्या अंकात, विस्मृतीत असलेला राजा एक गीत ऐकून अस्वस्थ होतो, आणि सुखात असलेला माणूसही रम्य काही पाहता-ऐकता व्याकूळ होतो तो नकळत जन्मांतरीची सौहार्दे मनात जागी होतात म्हणून, असा तर्क करतो. येथे आठवणीच्या आधाराशिवाय ओळखीची सुरुवात झालेली आहे. दहाव्या शतकातील काश्मिरी शैव आचार्य उत्पलदेवाने आपल्या ग्रंथाच्या शेवटी हाच धागा धर्मविचारात आणला: गुण ऐकून प्रियकरावर झुरणाऱ्या स्त्रीपुढे तो स्वतः येऊन उभा राहिला, तरी तो ‘तो’ आहे हे न कळल्यामुळे तिला इतर पुरुषांसारखाच वाटतो, आणि जीव व ईश्वर यांचे नाते असेच आहे. ईश्वर हरवलेला नाही, ओळख पटलेली नाही.

चिनी मालिकेचे वेगळेपण या भेदाच्या उजेडात दिसते. तिच्यात ओळख आठवणीच्या आधी येते, आणि नंतर आठवण परतते तेव्हा प्रेम दृढ होत नाही, ते जवळजवळ मोडते, कारण आठवणीबरोबर अपमान, काढलेले डोळे आणि कड्यावरची उडीही परत येते. म्हणजे येथे आठवण ही प्रेमाची साक्षीदार नसून त्याची कसोटी आहे. वडाला सूत गुंडाळून तोच जोडीदार मागणाऱ्या मनाला ही गोष्ट विचार करायला लावते, कारण सात जन्मांची आठवण खरोखरच टिकली असती, तर त्यात सात जन्मांची उणीदुणीही टिकली असती. विस्मृतीला परंपरेने अज्ञान मानले आहे, पण या कथेत ती क्षमेची पूर्वतयारीही ठरते.

प्रेक्षकाच्या प्रेमालाही हाच नियम लागू पडतो. अभिनवगुप्ताने रससिद्धांत मांडताना कालिदासाच्या त्याच स्थळाचा आधार घेतला होता. रसिकाच्या मनात अनादी काळापासूनच्या वासना, म्हणजे अनुभवांचे सुप्त ठसे असतात, आणि नाट्य पाहताना ते जागे होऊन व्यक्तिगत सुखदुःखापलीकडे सर्वसामान्य रूप घेतात, असे त्याचे म्हणणे होते. मुखेडच्या प्रेक्षकाने ना छिंगछ्यूचा कोल्हेलोक पाहिलेला असतो, ना पीचचा बहर, पण दशरथेश्वराच्या देवळावरील किंवा देगलूर तालुक्यातील होट्टलच्या सिद्धेश्वर मंदिरावरील शिल्पांशी, कीर्तनातील कथांशी आणि घरच्या व्रतांशी त्याचा संबंध असतो. पडद्यावरील दृश्य ते ठसे हलवते. वासना जन्मांतरीच्या मानाव्यात की संस्कृतीच्या, हा वाद बाजूला ठेवला तरी अनुभवाचे वर्णन बदलत नाही.

आसक्तीचा आक्षेप मात्र टाळता येत नाही. मोक्षमार्गी परंपरा प्रेमाला बंधन मानतात, आणि अशा मालिकांतील कडक साधकही भावना मारण्याला सिद्धी समजतात. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात बुद्धाचा भाऊ नंद याची कथा रंगवलेली आहे. तो भिक्षू झाल्याचे कळताच कोसळलेली त्याची पत्नी सुंदरी तेथे अशा करुणेने चितारली आहे की वैराग्याची कथा सांगणाऱ्या भिंतीवरही पाहणाऱ्याची नजर मागे राहिलेल्या स्त्रीकडेच जाते. मराठी भक्तीने या पेचातून दोन वाटा काढल्या. वारकरी संतांनी, विशेषतः तुकोबांनी, मुक्ती नाकारून पुन्हा गर्भवास पत्करण्याची तयारी दाखवली, कारण भक्तीला दुसरा कोणीतरी लागतो. मुखेड परिसरात मोठ्या संख्येने असलेल्या लिंगायत समाजाच्या परंपरेने ‘शरण सती, लिंग पती’ या तत्त्वात भक्ताला पत्नी आणि ईश्वराला पती मानून प्रेमालाच साधना केले. दोन्ही वाटांवर बंधनकारक ठरते ती ताबा मिळवण्याची ओढ. ये ह्वाला मिळवण्यासाठी कारस्थाने करणारी सू चिन बंधनात राहते, आणि जगाच्या रक्षणासाठी प्राण देणारा ये ह्वा त्यातून सुटतो, ही मालिकेची रचना त्याच भेदावर उभी आहे.

या देवलोकात मात्र कुळे, दर्जे आणि विवाहाचे निर्बंध पृथ्वीइतकेच कडक आहेत, आणि मर्त्य स्त्रीला महालात जे भोगावे लागते ते त्याच उतरंडीमुळे. आंतरजातीय विवाहाला अजूनही घराघरांतून विरोध होणाऱ्या प्रदेशात हे रूपक वेगळे समजावून सांगावे लागत नाही. नांदेड जिल्ह्यातच लोहा तालुक्यातील माळेगावच्या यात्रेत पुजला जाणारा खंडोबा लिंगायत वाण्याची मुलगी म्हाळसा हिचा पती असूनही धनगरांच्या बानूसाठी चाकर होऊन मेंढरे राखतो. देव स्वतः उतरंड ओलांडून खाली येतो, हे येथील वाघ्या-मुरळीच्या गाण्यांत आधीच मान्य झालेले आहे. चिनी युवराज जे दुःख सोसून करतो, ते खंडोबा मेंढवाड्यात, थट्टामस्करीत आणि सवतींच्या भांडणात करतो.

या सर्वांत प्रेक्षकाचे स्थान विलक्षण आहे. पात्रे आपापले जन्म विसरतात, पण पहिल्या भागापासून पाहणाऱ्याला तिन्ही जन्म ठाऊक असतात. कथेत खरा ‘जातिस्मर’, म्हणजे पूर्वजन्म आठवणारा, तोच असतो, आणि इतके ठाऊक असूनही त्याला पात्रांना काही सांगता येत नाही. सांख्य-वेदान्तात ‘साक्षी’ म्हणतात तो केवळ पाहतो, हस्तक्षेप करत नाही. प्रेक्षक मात्र असा साक्षी आहे की त्याचे डोळे पाणावतात. त्या डोळ्यांपुढे दोन अनोळखी माणसे काही न आठवता एकमेकांकडे ओढली जातात, आणि शेजारच्या घरात राहणारे, वर्षानुवर्षे आठवणीत असलेले माणूस मात्र कधीच ओळखले गेलेले नसते. मालिका पुनर्जन्म सिद्ध करत नाही आणि तिला ते करायचेही नसते, पण आठवणीला ओळख समजण्याची चूक ती 58 भागांत हळूहळू उघडी पाडते.