जाब आईलाच का?

पाठीच्या कण्यात फट घेऊन बाळ जन्मलं की घरातल्या मोठ्यांचा पहिला प्रश्न अनेकदा डॉक्टरांना नसतो, बाळंतिणीला असतो. ग्रहण पाळलं होतंस ना? विळी हातात घेतली होतीस का? शिकलेल्या घरात विळीच्या जागी गोळ्या येतात: वेळेवर घेतल्या होत्यास ना?

या व्यंगाला स्पायना बिफिडा म्हणतात. गर्भाच्या पाठीवर सुरुवातीला एक पन्हळ असते. तिच्या कडा जुळून नळी होते आणि त्या नळीतूनच मेंदू व मज्जारज्जू घडतात. नळी खालच्या भागात मिटली नाही, तर तिथला मणका उघडा राहतो. गंभीर प्रकारात मज्जारज्जूच पाठीवरच्या फुग्यात बाहेर येतो. हे मिटणं गर्भधारणेपासून साधारण २८ दिवसांत संपतं. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे. दिवस गेल्याची शंकाही तोवर अनेकींना आलेली नसते. कारणंही एक नाही. आनुवंशिकता, आईचा मधुमेह, फिट्सवरचं व्हॅल्प्रोएटसारखं औषध, आणि फोलेट या जीवनसत्त्वाची कमतरता. तिला माहीतच नसलेल्या दिवसांचा हिशेब तिच्याकडे मागणं हा सरळ अन्याय आहे.

मग जबाबदारी कोणाची? ज्याला माहीत आहे त्याची, असं मला वाटतं. आणि आपल्याला माहीत होऊन बराच काळ लोटला. १९२८ साली ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांना होणाऱ्या जीवघेण्या पंडुरोगाचा तिने शोध घेतला. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे तिने १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्या अर्कातलं द्रव्य म्हणजेच फोलेट. पुढे १९९१ मध्ये ब्रिटनच्या पुढाकाराने झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं, की असं बाळ आधी झालेल्या स्त्रियांनी गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेतलं, तर ते पुन्हा होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो. गिरणगावातल्या बायकांच्या रक्तापासून सुरू झालेलं हे ज्ञान त्यांच्या पणत्यांपर्यंत अजून नीट पोचलेलं नाही, याची मला खंत वाटते.

अमेरिकेने १९९८ पासून मैद्यासारख्या पिठात फॉलिक ॲसिड मिसळणं सक्तीचं केलं. पाव खाणाऱ्या प्रत्येकीला ते न मागता मिळू लागलं. आपल्याकडे आशाताईंकडे नाव नोंदवल्यावर गोळी हातात पडते, तोवर ती नळी मिटायची ती मिटलेली असते किंवा उघडी राहिलेली असते. रेशनच्या तांदळात फॉलिक ॲसिड मिसळण्याचं पाऊल योग्यच होतं. पिठाचं मात्र अवघड आहे. आपलं दळण घरातल्या धान्याचं, कोपऱ्यावरच्या गिरणीतलं. पण आयोडीन आपण मिठातून घरोघर पोचवलंच ना? फॉलिक ॲसिडसाठी त्या वाटेचा विचार गांभीर्याने व्हावा. तोवर लग्न ठरलेल्या मुलीला दागिन्यांबरोबर रोज ४०० मायक्रोग्रॅमची स्वस्त गोळीही, डॉक्टरांना विचारून, मिळायला हवी.

हे सारं करूनही काही मुलं या व्यंगासह जन्मतीलच. फोलेटने सगळी प्रकरणं टळत नाहीत. त्या मुलांविषयी बोलताना 'टाळणं' हा शब्द त्यांच्या कानावर कसा पडत असेल, याचं भान आपण ठेवत नाही. त्यांतली बरीच मुलं बुद्धीने तल्लख असतात. कोणी कॅलिपर लावून चालतं, कोणी चाकाच्या खुर्चीवर. अनेकांना लघवीची जाणीव नसते, म्हणून दर तीन-चार तासांनी नळी घालून मूत्राशय रिकामं करावं लागतं. हे काम ती स्वतः शिकतात. त्यासाठी लागतं काय? हात धुवायला पाणी, कडी लागणारं दार आणि दहा मिनिटं. शाळेत एवढंही नसलं की आईला मधल्या सुट्टीत धावत यावं लागतं, मग तिची नोकरी सुटते, नाहीतर मुलाची शाळा. अपंगांच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला, पण नुसत्या कायद्याने दार बसत नाही. आपल्या मुलांच्या शाळेत असं एक दार आहे का, हे पुढच्या पालकसभेत मुख्याध्यापकांना विचारा. नसेल, तर ते बसेपर्यंत विचारत राहा.