भग्न महाल आणि इबरत

१९०७ साली अल्लामा इक्बाल ज्या हायडेलबर्गमध्ये जर्मन भाषा शिकले, तेथे नेकर नदीच्या खोऱ्यावर एक प्रबोधनकालीन राजवाडा भग्नावस्थेत उभा आहे. १६८९ व १६९३ साली फ्रेंच सैन्याने तो उद्ध्वस्त केला. १७६४ साली वीज पडून तो पुन्हा जळाला. त्या भिंती पाहून ‘गर्वाचे घर खाली’ असे आपण सहज म्हणून जातो. परंतु १६९३ साली पायथ्याचे शहरही भस्मसात झाले. तेथील गोरगरिबांनी कोणता गर्व केला होता? पवित्र कुरआनने ज्यांचा अपराध सांगितला, तेवढ्यांचाच आपण सांगावा. इतरांचा निवाडा अल्लाहकडे आहे. इबरत मृतांना दोष देण्यासाठी नसते. ती पाहणाऱ्यालाच विचारते: तुझेही घर ढासळेल, तेव्हा सोबत कोणते सत्कर्म येईल?