तिकीट काढ, नाहीतर कामाला लाग

क्रीडाक्षेत्रातल्या नोकरीसाठी केलेल्या तुझ्या अर्जाची पहिली ओळ वाचली. 'क्रिकेट हा माझा श्वास आहे.' बरं मग? अख्ख्या महाराष्ट्राचा आहे. तुझ्या शेजारच्या काकांचा आहे, नाक्यावरच्या पानवाल्याचाही आहे. त्यांना कुणी त्याचा पगार देतं का? मिसळ आवडते म्हणून कुणी भटारखान्यात नोकरी मागायला जात नाही. तू मात्र जातोस. आणि तोंड पाडून परत आलास की मलाच ऐकवतोस, "सर, या क्षेत्रात आवडीला किंमतच नाही."

नाहीच. असूही नये. आवड तुझी. समोरच्याचं त्यातलं कोणतं काम होणार आहे, ते सांग.

दुसरी ओळ त्याहून भारी. 'आयपीएलची एकही मॅच चुकवलेली नाही.' हे अभिमानाने लिहिलंस? मी भरती करत असतो तर याच ओळीवर अर्ज बाजूला ठेवला असता. दर वर्षी दोन महिने, रोजची संध्याकाळ, तीही ऐन उमेदीतली. एवढ्या वेळात माणूस एखादी विद्या पदरात पाडून घेतो. तू काय घेतलंस? चल, विचारतोच.

वाइडवर पळून काढलेल्या धावा गोलंदाजाच्या खात्यात पडतात, नोबॉलवरच्या बाय पडत नाहीत. हा नियम कधी आला? फलंदाजाने फटका खेळायचा प्रयत्नच केला नाही, तर ऑफस्टंपच्या बाहेर पॅडला लागलेला चेंडू पायचीत देता येतो का? नियमावलीत एकूण नियम किती? बेचाळीस. पायचीतचा कितवा? छत्तिसावा. २०१७ मध्ये नवी संहिता आली, कुणालाही फुकट वाचता येते. एकदा तरी उघडलीस? नाही. पण पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला सगळ्यांत पुढे तूच.

ऑक्टोबर २०२४ आठवतो? पुण्याजवळ गहुंज्याला न्यूझीलंडच्या सँटनरने एका कसोटीत १३ बळी घेतले. भारत ११३ धावांनी हरला, घरच्या मैदानावरची मालिका बारा वर्षांनी हातची गेली. तू काय केलंस? संघनिवडीवर शिव्यांची लाखोली वाहिलीस. खेळपट्टी काळ्या मातीची होती. काळी माती कशी वागते, लाल माती कशी वागते, त्यावर रोलर किती आणि कधी फिरवायचा, पाणी कधी तोडायचं, हे एका तरी माळ्याला जाऊन विचारलंस? मुंबईला रणजी करंडक जिंकून देणारा कर्णधार, कसोटी खेळलेला सलामीवीर सुधीर नाईक पुढे वानखेडेची खेळपट्टी सांभाळत होता. २०११च्या विश्वचषकाचा अंतिम सामना त्याच्याच देखरेखीखालच्या खेळपट्टीवर झाला. कसोटीपटूला मातीत हात घालायला लाज वाटली नाही. तुला उन्हात उभं राहायचं म्हटलं की टोपी सापडत नाही.

आता कान उघडे ठेवून ऐक. पुढच्या वेळी स्टेडियमवर गेलास की स्कोअरबोर्डाकडे नको, कठड्याजवळच्या माणसांकडे बघ. सुरक्षारक्षक प्रेक्षकांकडे तोंड करून उभा असतो, त्याची पाठ मैदानाकडे. षटकार बसतो, स्टेडियम उठून नाचतं, त्याला मागे वळायची मुभा नाही. स्कोअरर बघतो, पण टाळी वाजवत नाही. पंचाची खूण झाली की पोच द्यायची, धाव लिहायची, शेजारच्या स्कोअररशी ताळा करायचा. फिजिओला शतक दिसत नाही, धावताना मुरगळलेला घोटा दिसतो. प्रक्षेपणाच्या गाडीतला पोरगा कानात हेडफोन घालून पुढच्या दृश्याच्या काळजीत असतो. संघाचा व्यवस्थापक सामना चालू असताना उद्याच्या विमानाचं सामान मोजत असतो. खेळाच्या धंद्यात पोट भरणाऱ्या बहुतेकांना मॅच बघायलाच मिळत नाही! तुला काय हवंय? मॅच बघायला मिळावी म्हणून तू नोकरी मागतोयस. हेच मुळात चुकलंय, आणि हे कळण्याएवढी अक्कल तुला आहे. म्हणून तर राग येतो.

आता तुझ्या सबबी घेऊ. पाठ झाल्यात मला.

'सर, सगळीकडे वशिला लागतो.' लागतो. मी नाकारत नाही. पण तुझं एखादं काम बघितलेला एक तरी माणूस या क्षेत्रात आहे का? तू एखाद्या सामन्याचं स्कोअरबुक लिहिलंस आणि ते चोख निघालं, असं सांगणारा कुणी? शाळेच्या स्पर्धेचं वेळापत्रक तू लावलंस आणि एकही सामना अडला नाही, असं म्हणणारा एखादा क्रीडाशिक्षक? नाही ना? मग वशिला कुणाचा लागणार? तुझ्या सोफ्याचा?

'मी मोठ्या पातळीवर खेळलो नाही.' बरं झालं आठवण काढलीस. अमोल मुझुमदारने रणजी पदार्पणात २६० धावा केल्या. प्रथम श्रेणीत ११ हजारांहून जास्त. भारताची टोपी? शेवटपर्यंत मिळाली नाही. रडत बसायचा हक्क कुणाला असेल तर त्याला होता. तो प्रशिक्षणाकडे वळला. दुसऱ्यांच्या फलंदाजीवर मेहनत घेतली, देशात घेतली, परदेशी संघांबरोबर घेतली. २ नोव्हेंबर २०२५ला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा मुख्य प्रशिक्षक तोच होता. तू म्हणशील, तो निदान रणजी तरी खेळला. मग कर्नाटकातल्या कुमट्याचा राघवेंद्र घे. क्रिकेटपटू व्हायला घर सोडलं, ते जमलं नाही. दुसऱ्यांना सरावाला चेंडू टाकू लागला. आज भारताचे नावाजलेले फलंदाज साइडआर्म या चेंडू फेकायच्या साधनाने त्याने केलेल्या माऱ्यावर तयारी करून मैदानात उतरतात. खेळता आलं नाही म्हणून त्याने नुसती पोस्टरं चिकटवली नाहीत.

'मी मुंबईत नाही.' अरे, एकट्या महाराष्ट्रात क्रिकेटच्या तीन संघटना आहेत. मुंबईची वेगळी, महाराष्ट्राची वेगळी, विदर्भाची वेगळी. शेजारी गोव्याची आणखी एक. पंचांच्या आणि स्कोअररच्या परीक्षा संघटनाच घेतात. तुझ्या संघटनेची परीक्षा शेवटची कधी झाली, सांग बघू? आणि खेळ म्हणजे क्रिकेट एवढंच कुणी शिकवलं तुला? प्रो कबड्डी २०१४पासून चालू आहे. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताचे दोन्ही संघ जिंकले, दोन्हींचे कर्णधार महाराष्ट्राचे. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. नावं माहीत होती? कोल्हापुरात पेठांच्या फुटबॉलला शाहू स्टेडियम भरतं. तुझ्या तालुक्यात कबड्डीच्या स्पर्धा होतात, तिथे गुणलेखक लागतो, वेळ बघणारा लागतो, लचकलेल्या गुडघ्यावर बर्फ धरणारा लागतो. तू तिथे असतोस. पहिल्या रांगेत खुर्ची पकडून. शेंगदाणे खात.

'मग एखादा कोर्स करतो.' हो, हे तुला पटकन सुचतं, कारण फी वडील भरतात. क्रीडा व्यवस्थापनाची चकचकीत माहितीपत्रकं हल्ली पैशाला पासरी झालीत. मुखपृष्ठावर स्टेडियम, आत लाखांचे आकडे. पैसे भरण्याआधी एवढंच विचार: मागच्या तुकडीतली मुलं आज नेमकी कुठे आहेत, काय करतात, किती पगारावर? त्यांतल्या दोघांशी बोलू द्याल का? उत्तर गुळमुळीत आलं की उठून ये. ज्या कामाला खरंच शिक्षण लागतं तिथे आडमार्ग नसतो. फिजिओ व्हायचं तर फिजिओथेरपीची चार-पाच वर्षांची पदवी, त्यावर पुढचं शिक्षण. प्रशिक्षक व्हायचं तर पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१पासून आहे, तिथली पदविका सगळ्या देशात चालते. विश्लेषक व्हायचं तर संख्याशास्त्र आणि थोडं प्रोग्रॅमिंग शीक. क्रिकशीट या संकेतस्थळावर हजारो सामन्यांची चेंडूगणिक माहिती फुकट पडली आहे. एक प्रश्न घे, आकडे लाव, दोन पानांत उत्तर लिही. ती दोन पानं तुझ्या 'श्वासा'पेक्षा जास्त बोलतील.

आणि हो, ते 'फँटसी टीम लावायचा दांडगा अनुभव' अर्जातून आधी खोड. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. ड्रीम इलेव्हनने पैशांच्या स्पर्धा बंद केल्या, भारतीय संघाच्या जर्सीवरचं त्यांचं नावही गेलं. तुझ्या अनुभवाची किंमत एका अधिवेशनात शून्य झाली. यातून धडा काय घ्यायचा? हा धंदा लहरी आहे. प्रायोजक जातो, हंगाम संपतो. मे २०२१मध्ये आयपीएल अर्ध्यावर थांबवावी लागली, तेव्हा रोजंदारीवर आणि हंगामी करारावर काम करणाऱ्यांचं काय झालं असेल, याचा विचार केलास? तू त्या वेळी तुझ्या संघाचे गुण मोजत होतास.

'सुरुवातीला पैसे फार कमी मिळतात.' खरंय. म्हणून आधी पोटापाण्याचं बघ. हातातली नोकरी सोडून मैदानावर झोकून दे, असं मी सांगणार नाही, आणि सांगणाऱ्याच्या नादी लागू नकोस. द्वारकानाथ संझगिरी मुंबई महापालिकेत इंजिनिअर होते. ती नोकरी सांभाळून त्यांनी आयुष्यभर क्रिकेटवर लिहिलं, मराठी वाचकाला वेड लावलं. तुला 'क्रीडा पत्रकार व्हायचंय' ना? गेल्या सहा महिन्यांत काय लिहिलंस? चार ओळींची शेरेबाजी, त्यात तीन शिव्या आणि एक इमोजी. शिवाजी पार्कवर, आझाद मैदानावर रविवारी चार तास बसून एका अनोळखी पोराच्या डावावर पाचशे शब्द लिहून दाखव. आझाद मैदानावर एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या हद्दीत उभा असतो, चेंडू कुणाचा हे ओरडून ठरवावं लागतं. मुंबईची कांगा लीग १९४८पासून ऐन पावसाच्या चिखलात खेळवली गेली. लिहायला याहून चांगला माल तुला कुठे मिळणार? पण तिथे रिप्ले नसतो, एसी नसतो, म्हणून तू जात नाहीस.

एवढं बोलतोय ते तुला येत नाही म्हणून नव्हे. तुला येतं! २००३च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात कोण कसा बाद झाला ते तू झोपेतून उठवलं तरी सांगतोस. ही स्मरणशक्ती आहे. पाच दिवसांची कसोटी तू एका जागी बसून बघतोस. ही चिकाटी आहे. दहा मित्रांची तिकिटं, गाड्या, डबे, सगळं तू जमवतोस. हे व्यवस्थापन आहे. हे सगळं तू स्वतःच्या करमणुकीवर उधळलंस, आणि दुसऱ्याच्या कामी लावायची वेळ आली की तुला मार्गदर्शन हवं असतं! मार्गदर्शन नाही रे, तुला कुणीतरी 'उशीर झालेला नाही' म्हणून पाठ थोपटायला हवी आहे. मी थोपटणार नाही. वय पुढे चाललंय आणि तुझ्या नावावर एका सामन्याचंसुद्धा काम नाही.

तेव्हा आता करायचं ते ऐक. पंच, स्कोअरर, फिजिओ, विश्लेषक, आयोजन, लेखन, यातलं एक निवड. एकच. या रविवारी जवळच्या मैदानावर जा, स्पर्धेच्या आयोजकाला गाठ आणि विचार, 'कोणतं काम पडलंय?' पाण्याचे कॅन उचलायला सांगितले तर उचल. पुढच्या रविवारी पुन्हा जा. पाऊस असला तरी, भारत-पाकिस्तान सामना असला तरी जा. एक हंगाम काढलास की तुझ्या अर्जात लिहायला काहीतरी असेल, आणि ते खरं आहे म्हणणारा माणूसही असेल. मग ये माझ्याकडे. शिफारसपत्र मी स्वतः लिहीन.

आणि हे जमणार नसेल, तर त्यातही कमीपणा नाही. दुसरी चांगली नोकरी कर, कमव, तिकीट काढ, गळा फाटेस्तोवर ओरड. खेळ प्रेक्षकांच्या जिवावरच चालतो. फक्त प्रेक्षकाला पगार नसतो, एवढं लक्षात ठेव आणि हे रडगाणं घेऊन पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस.