खाणीतून दिसलेला समुद्र

जमिनीत धातू आला कुठून, या प्रश्नाला विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक ठरलेलं उत्तर होतं: ग्रॅनाइट. खोलवर शिलारस थंड होताना त्यातून धातूंनी भरलेलं गरम पाणी सुटतं, ते भेगांतून वर चढतं आणि वाटेतला खडक विरघळवून त्याच्या जागी धातुकं ठेवून जातं. वाल्डेमार लिंडग्रेन यांच्या १९१३ सालच्या ग्रंथानं या विचाराची नीट घडी बसवली. ती इतकी पक्की बसली की आसपास ग्रॅनाइटचा पत्ता नसला, तरी ‘खाली कुठंतरी असेलच’ म्हणून पुढं जाता येई. न दिसणाऱ्या साक्षीदाराच्या भरवशावर खटला चालवण्याचाच हा प्रकार होता.

जपानच्या अकिता प्रांतातल्या कोसाका खाणीत मात्र हे उत्तर अडत होतं. तिथली ‘कुरोको’, म्हणजे काळी धातुकं, ज्वालामुखीच्या राखेच्या थरांमध्ये थरासारखीच पसरली होती. वर जस्त-शिशाची काळी धातुकं, त्याखाली तांब्याची पिवळी, आणि सर्वांत खाली भेगाभेगांतून सल्फाइडच्या शिरा गेलेला गारेसारखा खडक. धातू खालून उशिरा घुसला असता, तर त्यानं वरच्या थरांनाही तितकंच भाजून काढायला हवं होतं. बदल मुख्यतः खालच्या खडकातच होता. ओहाशी या जपानी भूवैज्ञानिकानं १९२०च्या आसपासच सुचवलं की हा धातू समुद्राच्या तळावर, ज्वालामुखीच्या उष्ण झऱ्यांतून साचला असावा. १९५८ मध्ये नॉर्वेच्या क्रिस्टोफर ऑफ्टेडाल यांनी आपल्याकडच्या खाणींवरून तसाच सिद्धांत मांडला. दोघांचंही फारसं कुणी मनावर घेतलं नाही. मला यात निव्वळ हटवादीपणा दिसत नाही. असा झरा जगात कुणीही पाहिलेला नव्हता, आणि गरम पाणी समुद्रात शिरताच त्यातला धातू विखरून जाईल, हा आक्षेप रास्तच होता. तो पुढं बऱ्याच अंशी खराही ठरला.

पहिला धक्का तांबड्या समुद्रानं दिला. १९६४-६५ मध्ये ‘डिस्कव्हरी’ आणि ‘अ‍ॅटलांटिस-२’ या जहाजांना तिथं दोन हजार मीटर खोलीवर अतिखारट, कढत पाण्याची तळी सापडली. तळचा गाळ जस्त आणि तांब्यानं भरलेला होता. पण तांबड्या समुद्राखाली मिठाचे जाड थर आहेत, त्यामुळं ही गोष्ट अपवादात ढकलणं सोपं गेलं. दुसरा धागा हिशेबातून आला. महासागरांच्या मधून जाणाऱ्या पर्वतरांगांवर नवा समुद्रतळ तयार होतो, हे मान्य झाल्यावर तिथून किती उष्णता बाहेर पडायला हवी याचं गणित झालं. मोजली तर ती बरीच कमी भरली. क्लाइव्ह लिस्टर यांनी १९७२ मध्ये कारण सांगितलं: समुद्राचंच पाणी भेगांतून आत जातं आणि उष्णता घेऊन बाहेर येतं. धातूचा विषयही न काढता धातूची वाट सापडली होती!

पुढचं प्रसिद्ध आहे. १९७७ मध्ये ‘अल्विन’ पाणबुडीला गॅलापागोसजवळ कोमट झरे आणि अजस्र नळीकृमी दिसले. १९७८ मध्ये फ्रेंच ‘सियाना’नं मेक्सिकोसमोरच्या समुद्रातून रंगीबेरंगी दगड वर आणले, तपासल्यावर ते लोह, जस्त आणि तांब्याचे सल्फाइड निघाले. एप्रिल १९७९ मध्ये ‘अल्विन’ त्याच भागात सुमारे २,६०० मीटर खाली उतरली, तेव्हा समोर धुराड्यातून काळं पाणी उसळत होतं. तापमापकाची प्लास्टिकची दांडी वितळली. नव्या उपकरणानं मोजल्यावर तापमान ३५० अंश सेल्सिअसच्या पुढं गेलं. एवढ्या खोलीवरच्या दाबाखाली ते पाणी उकळत नाही, इतकंच.

आता सगळं जुळलं. आत मुरलेल्या समुद्राच्या पाण्यातलं मॅग्नेशियम तळाचा बेसाल्ट खडक काढून घेतो, पाणी आम्ल होतं आणि खडकातलं लोह, तांबं, जस्त, गंधक विरघळवून वर येतं. बाहेर २ अंशांच्या पाण्याशी गाठ पडताच सल्फाइडचे कण काळ्या धुरासारखे गळून पडतात. धुराड्याची भिंत मात्र आधी समुद्राच्या पाण्यातल्या कॅल्शियम सल्फेटची बनते. गिझरच्या कॉइलवर थर धरतो तसा हा क्षार गरम झाला की खाली बसतो. मग आतून चाल्कोपायराइट या तांबं-लोहाच्या सल्फाइडचं अस्तर चढतं. झरा थंडावला की तोच क्षार पुन्हा विरघळतो आणि धुराडं कोसळतं.

आणि इथंच धुराड्यांच्या चित्रांनी आपली थोडी दिशाभूल केली, असं मला वाटतं. धुराडं म्हणजे साठा नव्हे. त्याच्या तोंडातून निघालेला बहुतेक धातू समुद्रात वाहून जातो. १९९४ मध्ये अटलांटिकमधल्या ‘टॅग’ टेकाडात छिद्रं पाडली, तेव्हा आत कोसळलेल्या धुराड्यांचा चुरा पुन्हा पुन्हा सांधलेला दिसला. सुमारे २०० मीटर रुंदीच्या त्या टेकाडात गरम पाणी झिरपत राहतं, जस्त विरघळवून बाहेरच्या कडेला नेतं आणि तांबं आत ठेवतं. कोसाकाच्या काळ्या-पिवळ्या थरांचा खुलासाही असाच होतो. जमिनीवरचे जुने साठे समुद्रतळावरच्या झऱ्यांचेच, याचा पुरावा त्याआधीच आला होता: १९८४ मध्ये रेचेल हेमन आणि सहकाऱ्यांनी ओमानच्या डोंगरातल्या क्रिटेशियस काळच्या सल्फाइडमध्ये नळीकृमींचे जीवाश्मही दाखवून दिले.

ग्रॅनाइटवाले पुरते हरले का? तसं म्हणता येत नाही. १९९६ मध्ये यांग आणि स्कॉट यांनी पापुआ न्यू गिनीजवळच्या मानुस खोऱ्यातल्या लाव्हातले सूक्ष्म बुडबुडे तपासले. त्यांत शिलारसातून सुटलेले धातू होते. म्हणजे निदान काही ठिकाणी धातूचा वाटा थेट शिलारसाकडून येत असावा. टाकून दिलेल्या सिद्धांतातला एक तुकडा असा परत आला.

या विषयाचा आपल्याशीही संबंध आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये भारतानं आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी करार करून हिंदी महासागरातल्या पर्वतरांगांवर १०,००० चौरस किलोमीटरमध्ये सल्फाइड शोधायला सुरुवात केली. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यातल्या वास्कोच्या ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रानं चेन्नईच्या शास्त्रज्ञांबरोबर ४,५०० मीटर खोलीवरच्या जिवंत झऱ्याची छायाचित्रं मिळवली. काम अभिमानाचं आहे. पण झरा दिसणं आणि साठा मोजणं यांत मोठं अंतर आहे. उपयोगाचा धातू असलाच तर तो जिवंत धुराड्यांपेक्षा विझलेल्या, गाळाखाली गेलेल्या टेकाडांत असण्याची शक्यता जास्त, आणि ती छिद्र पाडल्याशिवाय बोलत नाहीत. याच महासागरातल्या झऱ्यांवर पायावर लोह-सल्फाइडचे खवले असलेली गोगलगाय राहते. खाणकामाच्या धोक्यामुळं २०१९ मध्ये तिची नोंद संकटग्रस्त प्रजातींत झाली. म्हणून जिवंत झरे सोडून विझलेल्या टेकाडांकडं वळणं हेच शास्त्राला धरून आहे. शिवाय भारताचा २०१६ चा करार शोधाचा आहे, खोदण्याचा नाही.