चौकातलं ब्रह्मस्थान

सदाशिव पेठेतला आमचा वाडा पाडायचं ठरलं, तेव्हा चौकातल्या औदुंबराखाली असलेल्या दत्ताच्या पादुकांचं काय करायचं यावर बैठकीत बराच खल झाला. शेवटी गुरुजींनी मार्ग काढला. विधिपूर्वक देवत्व कलशात घ्यायचं आणि काम पुरं झालं की पुन्हा पादुकांत स्थापायचं. जीर्णोद्धाराची ही रीत जुनीच आहे, दगड चिरंतन असतो असं आपल्या धर्माने कधी मानलं नाही. काशी विश्वेश्वराचं आजचं देऊळ अहिल्याबाईंनी १७८० मध्ये उभारलं. त्याआधीची देवळं गेली, विश्वेश्वर राहिला.

मग वाडा गेल्याचा जीवाला चटका का लागावा? तुळया वाळवीने खाल्ल्या होत्या, सगळ्या बिऱ्हाडांत मिळून एकच संडास होता आणि १९४७ च्या भाडेकायद्याने गोठलेल्या भाड्यात मालकाला कौलं फिरवणंही परवडत नव्हतं. त्या हालांचं कौतुक मला नाही.

मला चटका लागतो तो मधल्या जागेचा. वास्तुशास्त्र घराच्या मध्याला ब्रह्मस्थान म्हणतं आणि तिथे खांब-भिंत येऊ देत नाही. पेठेतले वाडे एकमेकांना भिंती लावून उभे असत, आभाळ आत, मधोमध उतरे. त्या चौकावर कुणा एका बिऱ्हाडाचा हक्क नव्हता. पापड-कुरडया तिथेच वाळत, मंगळागौर तिथेच जागवली जाई, आणि कुणी गेलं की तिरडीही तिथेच बांधली जाई. माझ्या सासूबाईंची तिथेच बांधली, तेव्हा वर औदुंबराला फळं लगडली होती. नव्या इमारतीत मोकळी जागा कडेला गेली, मध्यावर लिफ्ट आली, देव ज्याच्या त्याच्या दाराआड गेले. जी जागा कुणाचीच नाही ती ईश्वराची, अशी माझी श्रद्धा आहे. तशी एक हाताएवढी जागाही आता आमच्या इमारतीत उरलेली नाही.

पण तो चौक तरी खरंच सगळ्यांचा होता का? संडास झाडायला येणारी बाई मागच्या बोळातून येई आणि तिथूनच परत जाई. पादुकांपर्यंत तिला कधी येऊ दिलं नाही. आज त्याच पादुका पार्किंगमध्ये, विजेच्या मीटरांशेजारी आहेत. रखवालदार आणि जिने झाडणाऱ्या बाई दर गुरुवारी तिथे फूल वाहतात, कुणी अडवत नाही. औदुंबर नाही, आभाळ नाही, तरी ही पूजा वाड्यातल्या पूजेहून अधिक शुद्ध आहे असं मला मनापासून वाटतं.

म्हणून आभाळ की उघडं दार, अशी निवड करायला मी तयार नाही. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये गंज पेठेतल्या आपल्या वाड्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. त्यासाठी त्यांना वाडा पाडावा लागला नाही. आमच्या पेठेने तेवढं तेव्हाच केलं असतं, तर चौक राखण्याची भाषा आज अधिक ताठ मानेने करता आली असती.

शेजारच्या वाड्याच्या पुनर्विकासाचा नकाशा परवा पाहायला मिळाला. चौक मध्येच ठेवा, त्याला रस्त्याकडून वाट द्या आणि त्या वाटेला कुलूप नको, एवढं मी आर्किटेक्टना सांगितलं. त्यांनी हिशेब मांडला. प्रत्येक मजल्यावर एक खोली कमी होईल. दोन बिऱ्हाडं तयार आहेत, बाकीच्यांकडे मी रोज संध्याकाळी जाते आहे.