जुनी मोटारसायकल आणि स्मृतीचे ऋण

जुन्या वस्तूवर जीव जडणे हा सद्गुण की मोह? प्रश्न साधा वाटतो. परंतु वडिलांच्या पश्चात पत्र्याच्या शेडमध्ये उभी असलेली येझदी विकावी की ठेवावी, यावरून सख्खे भाऊ अबोला धरतात, तेव्हा त्याचे गांभीर्य ध्यानी येते. आमच्या हिंगोली जिल्ह्यात, वसमत-कळमनुरीकडील खेड्यांत, अशी एखादी गाडी अजून दृष्टीस पडते. शहरातला संग्राहक येऊन किंमत सांगतो. एक भाऊ म्हणतो, विकू या. दुसरा म्हणतो, ती बाबांची आठवण आहे. दोघांपैकी कोणाचे म्हणणे न्याय्य मानावे?

या गाडीचा भारतातील इतिहास मुळी विक्रेत्याच्या दुकानातच सुरू होतो. मुंबईचे इराणी व्यापारी चेकोस्लोव्हाकियातील जावा मोटारसायकली आणवून विकत. आयातीवर निर्बंध आले, तेव्हा रुस्तम व फारोख इराणी यांनी म्हैसूरला कारखाना काढला. १९६० च्या दशकारंभी तेथून 'जावा' बाहेर पडू लागली. १९७३ पासून तीच 'येझदी' झाली. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला.

त्या काळची एजन्सी म्हणजे केवळ दुकान नव्हते. पेट्रोलमध्ये ऑइल किती मिसळावे, एकाच दांडीने किकही कशी मारावी व गिअरही कसा टाकावा, हे गिऱ्हाइकाला तेथेच शिकवले जाई. मद्रासजवळच्या शोलावरम येथील जुन्या धावपट्टीवर होणाऱ्या शर्यतींच्या गप्पाही तेथेच रंगत. दिवा, आरसा, मडगार्ड असे सारे उतरवलेल्या त्या गाड्या ज्यांनी कधी पाहिल्या नाहीत, तेही त्यांचे कौतुक तन्मयतेने ऐकत. एजन्सी गाडीबरोबर एक अलिखित वचनही देत असे : बिघडली तर या, आम्ही आहोत.

शर्यतीची गाडी तर आपला प्रश्न अधिकच बिकट करते. पिस्टन, रिंगा, चेन, क्लच-प्लेटा ती झपाट्याने झिजवते. वर्षानुवर्षे एकेक भाग बदलत गेला, तर अखेरीस उरते ती गाडी तीच काय? प्लुटार्कने थिसियसच्या जहाजाविषयी हाच पेच नोंदवला आहे : कुजलेल्या फळ्या बदलत राहिल्यावर जहाज तेच राहिले की नाही, यावर तत्त्ववेत्ते वाद घालीत. आमच्या मते गाडीचे 'तेच'पण धातूत नाही. ते तिच्या घडणीत आणि ती घडण टिकवणाऱ्या हातांच्या अखंडतेत आहे.

हे मान्य केले, तर स्मरणरंजन व स्मृतिनिष्ठा यांतला भेद स्पष्ट होतो. स्मरणरंजन आपल्याकडे काहीच मागत नाही. एक उसासा टाकला की त्याचे काम संपते. स्मृतिनिष्ठा मात्र श्रम मागते. कारखाना बंद पडल्यावर गल्लीबोळांतल्या मिस्त्रींनी मिळेल तो सुटा भाग शोधला, न मिळेल तो घडवून घेतला. गाडी विकताना दुसऱ्याने दिलेले वचन त्यांनी पाळले. २०१८ मध्ये जावा व २०२२ मध्ये येझदी ही नावे नव्या गाड्यांवर परत आली, याचा आनंद आहेच. परंतु नाव बाजारात परत आणता येते. निगा कोणाला तरी रोजच राखावी लागते.

आता त्या भावांकडे वळू. गाडी विकणे म्हणजे बाबांना विसरणे नव्हे. घरात मुलीच्या शिक्षणाची नड असेल, तर विकणे हेच पितृऋण फेडणे ठरेल. ज्या गाडीवर कोंबड्या बसतात आणि जिच्या टाकीला गंज चढला आहे, तिला आठवण म्हणणे हा शब्दांचा खेळ होय. तिची मनोभावे देखभाल करणारा परका संग्राहक अशा मुलापेक्षा अधिक निष्ठावान मानावा लागेल. मात्र केवळ भाव वाढावा म्हणून ती कोंडून ठेवणाऱ्याला ही पदवी देता येणार नाही.

आणखी एक कटू सत्य सांगणे प्राप्त आहे. वडिलांच्या गाडीवरून भांडणाऱ्यांपैकी काहींनी वडील अंथरुणाला खिळले असताना त्यांच्या औषधपाण्याकडे वळूनही पाहिलेले नसते. माणसाची राहिलेली सेवा वस्तूच्या पूजेने भरून निघत नाही.

म्हणून कोणाचे प्रेम मोठे, हा वाद भावांनी सोडावा. येत्या रविवारी कार्बुरेटर कोण साफ करणार, एवढेच एकमेकांना विचारावे. जो हात पुढे करील, गाडी त्याच्याकडे राहू द्यावी. कोणीच पुढे आला नाही, तर ती निर्मळ मनाने दुसऱ्याच्या हाती सोपवावी आणि अबोला मात्र घरात ठेवू नये.