मनूची मासोळी आणि खाचरातला मेदाका

जपानच्या भातखाचरांत मेदाका नावाचा 3-4 सेंटिमीटरचा मासा राहतो. मादी अंड्यांचा घोस पोटाखाली घेऊन काही तास हिंडते, मग अंडी पाणवनस्पतींना चिकटवते. 1994 साली कोलंबिया यानातून अंतराळात गेलेल्या मेदाकांनी तिथेही अंडी घातली, पिल्लं झाली. पुढे पाचच वर्षांत, 1999 मध्ये, हा मासा धोक्यातल्या प्रजातींच्या सरकारी यादीत गेला. पाटांना काँक्रीट लागलं आणि खाचरात शिरायची त्याची वाट तुटली. त्यात डास मारण्यासाठी बाहेरून आणलेले गंबुशिया मासे मुळावर आले.

लोक हळहळले. काहींनी बाजारातले नारिंगी मेदाका आणून ओढ्यांत सोडले. पकडलेले जीव मोकळे सोडणं हे तिथलं जुनं पुण्यकर्म. 7व्या शतकात सम्राट तेम्मूने तसा हुकूमही काढला होता. पण पाळीव वाणाचा रानातल्या माशांशी संकर होऊन त्या त्या खोऱ्यातलं मूळ कूळच बिघडू लागलं.

ही जीवदया म्हणायची का?

वऱ्हाडातल्या पातूरच्या माणसाला हा प्रश्न परका वाटू नये. चक्रधरस्वामींनी शिकाऱ्यांपासून सशाला अभय दिलं, ही लीळा इथल्या महानुभाव घरांत पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. तो ससा जीव मुठीत घेऊन समोर आला होता. कूळ असं धापा टाकत दारात येत नाही. मग त्याच्यावर दया करायची कशी?

शतपथ ब्राह्मणातल्या मनूकडे याचं उत्तर सापडतं. हात धुताना ओंजळीत आलेली मासोळी त्याला म्हणते, मोठे मासे लहानांना गिळतात, मला सांभाळ. आधी घागर, मग खड्डा, शेवटी समुद्र, हा क्रमही तीच सांगते आणि मनू तसंच करतो. आपल्याला पुण्य कशात मिळेल हे तो पाहत नाही. तिला कोणतं पाणी लागतं ते ऐकतो. दयेचा अवघड भाग हाच आहे.

महाडजवळ वाळण कोंडीत वरदायिनी देवीच्या श्रद्धेमुळे महसीर मासे कोणी धरत नाही. श्रद्धेने डोह राखला, म्हणून मासा राहिला. मेदाकाचा एक पारदर्शक, इवलासा भाऊबंद आपल्या कोकणकिनाऱ्यावरच्या खाड्यांतही आहे. सी. व्ही. कुलकर्णी यांनी 1940 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. त्याला कोणी देवाचा मासा म्हणत नाही, पण अभयावर त्याचाही तेवढाच हक्क आहे.

तेव्हा डास मारण्यासाठीचे गप्पी मासे टाक्या-डबक्यांपुरतेच ठेवा. घरच्या काचपेटीतले मासे नकोसे झाले, तरी पुण्य म्हणून मोर्णा किंवा निर्गुणा नदीच्या डोहात सोडू नका.